समितीतील खुर्ची कोणाची?

आपल्या राज्यातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावी जावे आणि तेथील समित्यांची यादी मागावी. शाळा व्यवस्थापन समिती, आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांची समिती, तंटामुक्ती समिती, ग्राम बाल संरक्षण समिती, जंगलपट्ट्यात वनहक्क समिती, एवढी नावे तर सहज निघतात. यांखेरीज गावची तरुण मंडळे असतात, वाचनालयाचे कार्यकारी मंडळ असते, आणि महाविद्यालय जवळ असल्यास राष्ट्रीय सेवा योजनेची सल्लागार समितीही असते. या सर्वांवर मिळून पाच-पन्नास स्त्रीपुरुष विनावेतन काम करतात, निदान कागदोपत्री तरी करतात. त्यांतील कित्येकांना आपण सदस्य आहोत याची वार्ताही नसते. ठरावपुस्तक घरी येते, दाखविलेल्या जागी सही होते, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द पुढच्या पानावर उमटतात.

आपल्या चळवळीतील कार्यकर्त्याला या समित्यांचे आकर्षण वाटत नाही. मोर्चा, सत्याग्रह, परिषद आणि निवडणूक ही त्याच्या ओळखीची क्षेत्रे. शाळेच्या समितीचा अध्यक्ष होणे त्याला किरकोळ वाटते; त्यात नाव नाही, पद म्हणावे असे पद नाही आणि कटकटी मात्र पुष्कळ. परिणामी या खुर्च्यांवर सरपंचांचे आप्त, मुख्याध्यापकांचे होयबा आणि पुढील निवडणुकीच्या तिकिटावर डोळा ठेवणारे उमेदवार येऊन बसतात. गावच्या दैनंदिन जीवनाला सर्वांत जवळून स्पर्श करणारी सत्ता अशा रीतीने आपण न लढताच सोडून दिली आहे. स्थानिक समित्यांवरील स्वयंसेवी नेतृत्व हा समाजवादी राजकारणाचा गाभा आहे आणि त्याकडे होणारे दुर्लक्ष आता आपल्याला परवडणारे नाही, हे मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

कायद्याने दिले ते कोठे गेले?

शाळा व्यवस्थापन समितीचेच उदाहरण घेऊ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता इतर शाळांत ही समिती आवश्यक ठरविली. तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे होत. पुढच्याच, म्हणजे २२ व्या कलमात एक वाक्य आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्याने नीट वाचावे. या आराखड्याच्या आधारे शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने शाळेसाठी योजना व अनुदाने द्यावीत, अशी ती तरतूद आहे. अर्थात वर्गखोली हवी की नको, स्वच्छतागृहात पाणी आहे की नाही, शिक्षकाची जागा किती दिवस रिकामी आहे, हे लिहून मागण्याचा अधिकार शेतमजुराच्या व ऊसतोड कामगाराच्या हाती कायद्याने दिला आहे. व्यवहारात काय घडते? कित्येक शाळांत हा आराखडा वरून मागणी आली की घाईने भरला जातो, आणि ज्या आईचे नाव सदस्य म्हणून छापलेले असते तिने तो पाहिलेलाही नसतो.

याची किंमत किती मोठी आहे हे गेल्या काही वर्षांत दिसून आले. २०१७ साली दहाहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुले अन्यत्र हलविण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याची कल्पना पुढे आली, आणि त्याच वर्षी कंपन्यांना व देणगीदारांना शाळा ‘दत्तक’ देण्याची योजना निघाली. या धोरणांविरुद्ध सभा झाल्या, निवेदने गेली. ते सर्व आवश्यकच होते. परंतु यादीतील किती शाळांच्या समित्यांनी रीतसर बैठक घेऊन विरोधाचा ठराव केला? प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असली पाहिजे हा नियम कितीजणांनी ठरावात नोंदविला? वाटेतला ओढा, जंगल, महामार्ग यांची नोंद किती आराखड्यांत होती? ठरावाने शाळा वाचतेच असे नाही. तथापि अधिकाऱ्यापुढे, जिल्हा परिषदेत अथवा न्यायालयात उभे राहावयाचे झाले तर पालकांच्या वैधानिक समितीचा लेखी ठराव हा आपल्या हातातील पुरावा असतो. आपल्यापाशी घोषणा होत्या. कागद मात्र दुसऱ्यांच्या हाती राहिले.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२२ पासून मुंबईसह राज्यातील कित्येक महापालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदा निवडून आलेल्या सदस्यांविना, प्रशासकांच्या हाती राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यानंतर निवडणुकांना गती मिळाली. मधल्या वर्षांत नागरिकाने आपले म्हणणे कोठे मांडावे? नगरसेवक नव्हता, जिल्हा परिषद सदस्यही नव्हता. त्या काळात ज्या थोड्या ठिकाणी शाळेची वा आरोग्याची समिती जिवंत होती, तेथे लोकांना निदान एक दार ठोठावता येत होते. लोकशाहीचा वरचा मजला बंद पडतो तेव्हा तळमजला वापरता यावा, यासाठी तो आधीपासून झाडूनपुसून ठेवावा लागतो.

आपला वारसा

समित्यांचे हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी कार्यकर्त्यापुढे फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन प्रतीके ठेवली. आपण तुरुंग आणि मतपेटी लक्षात ठेवली. फावडे मात्र कोपऱ्यात उभे राहिले. लोहियांच्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब सारखेच भार वाहणारे होते. गावच्या खांबाला स्वतःचा अधिकार व स्वतःचा पैसा असावा, हा त्यांचा आग्रह होता. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने श्रमदान, अभ्यास आणि कलापथक यांतून एक पिढी घडविली, ती याच विचाराने. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. त्यापूर्वी अनेक महिने ते महाराष्ट्रभर हिंडले होते, गावोगाव मने तयार करीत होते, आणि सेवा दलाचे तरुण त्यांच्या समवेत होते. उपोषणाचे दिवस इतिहासात नोंदले गेले. त्यामागे गावोगावच्या अनाम कार्यकर्त्यांनी घेतलेल्या बैठका होत्या, याचा विसर पडू नये.

जयप्रकाशजींनी १९७४ च्या आंदोलनात जनसमित्यांची कल्पना मांडली, तीही याच कारणासाठी. सत्ता बदलली तरी तिच्यावर खालून अंकुश ठेवणारी यंत्रणा नसेल तर बदल वरवरचा राहतो, हे त्यांनी ओळखले होते. १९७७ नंतर आपण मंत्रिमंडळात गेलो आणि जनसमित्या मागे पडल्या. त्याची फळे पुढे आपणच भोगली.

समिती खरोखर कामास लागली म्हणजे काय होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वत्र पोचली. त्या घोषणेमागे वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट होते, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत होती, हे मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा यांच्यासारखे नेतृत्व तेथे उभे राहिले ते कोणाच्या नेमणुकीने नव्हे. गावाने बसून, वाचून, वाद घालून ते घडविले.

आरोग्याच्या क्षेत्रातही असा अनुभव आहे. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती व उस्मानाबाद या (त्या वेळच्या) पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. लसीकरण होते का, औषधे मिळतात का, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाला कशी वागणूक मिळते, याची नोंद गावच्या समितीने हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत करावयाची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवावयाची. बाईला अक्षरओळख बेताची असली तरी लाल रंग दाखवून तिला डॉक्टरला प्रश्न विचारता येतो. अधिकार हातात आल्याचा अनुभव तो हाच.

सेवा की वेठ?

येथे एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. ‘स्वयंसेवा’ हा शब्द पवित्र आहे, म्हणूनच त्याचा दुरुपयोगही सर्वाधिक होतो. राज्यसंस्था आपली जबाबदारी झटकू लागली की तिला एकाएकी लोकसहभागाची आठवण होते. शिक्षक नेमावयाचे नाहीत आणि ‘शिक्षणप्रेमी तरुणांनी’ वर्ग घ्यावेत असे आवाहन करावयाचे. सफाई कामगार भरावयाचे नाहीत आणि विद्यार्थ्यांच्या हाती खराटे देऊन छायाचित्रे काढावयाची. ज्या कामाला मजुरी द्यावयास हवी ते काम सेवेच्या नावाखाली फुकट करून घेणे ही वेठबिगारीच होय.

आशा आणि अंगणवाडी भगिनींची कहाणी याच फसवणुकीची आहे. अंगणवाडी योजना १९७५ ची, आशांची नेमणूक २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातली. दोन्हींत या स्त्रियांना ‘सेविका’, ‘स्वयंसेविका’ म्हणून गौरविले गेले आणि पगाराऐवजी मानधन व मोबदला देण्यात आला. गौरवाचा शब्द वापरला की किमान वेतन, निवृत्तिवेतन, रजा यांचे प्रश्न आपोआप मिटतात, अशी ही सोय. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली. २०२०-२१ च्या महामारीत याच स्त्रिया घरोघर फिरल्या, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदानाचा हक्क असल्याचा निर्णय दिला. न्यायालयाला जे दिसले ते शासनाला दिसावयास इतकी वर्षे का लागावीत?

म्हणून आपण एक सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. राबणे आणि देखरेख करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोज ठराविक वेळ, ठराविक काम आणि वरिष्ठाचा हुकूम असेल तर तो रोजगार आहे. त्याला वेतन मिळाले पाहिजे आणि त्यासाठी संघटना बांधली पाहिजे. समितीवर बसून हिशेब तपासणे, आराखडा ठरविणे, प्रश्न विचारणे हा नागरिकाचा अधिकार आहे. त्याचा सौदा होता कामा नये. शाळेला रंग फासण्यासाठी समितीला बोलावले जाते आणि अनुदानाची वही मात्र दाखविली जात नाही, अशा वेळी कार्यकर्त्याने ब्रश खाली ठेवून आधी वही मागावी.

परंतु अधिकार विनामूल्य असला तरी तो वापरण्यास पैसे पडतात, हेही तितकेच खरे. दुपारी अकरा वाजता ठेवलेल्या बैठकीस निवृत्त शिक्षक येऊ शकतो, दुकानदार येऊ शकतो; खुरपणीला गेलेली बाई रोज बुडवून कशी येणार? मग तिचे नाव राहते आणि तिच्या जागी नवरा बोलतो. ‘गरिबांना सामाजिक कामात रस नाही’ असे म्हणणाऱ्यांनी बैठकीची वेळ कोण ठरवितो ते पाहावे. बैठक संध्याकाळी व वस्तीवर होणे, मूल सांभाळण्याची सोय असणे, बुडालेल्या रोजाची व प्रवासखर्चाची भरपाई मिळणे, या साध्या गोष्टी झाल्याखेरीज स्वयंसेवी नेतृत्व हे सवड असलेल्या वर्गाचेच नेतृत्व राहणार. आणि आपल्या समाजात सवड ही जातीने व लिंगाने वाटली गेली आहे.

तरुणांना काय दिले?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. १९७२ साली नेहरू युवा केंद्रे निघाली. २०२३ साली ‘माय भारत’ या नावाने आणखी एक यंत्रणा उभी राहिली. लक्षावधी तरुण या योजनांतून गेले. त्यांनी बंधारे बांधले, झाडे लावली, रक्तदान केले. या श्रमाचे मोल कोणी कमी लेखू नये. प्रश्न असा की निर्णय कोणी घेतला? शिबिर कोणत्या गावी व्हावे, काम कोणते करावे, पैसा कसा खर्चावा, हे ठरविणाऱ्या मंडळावर तरुणाचा आवाज किती होता? बहुधा त्याच्या वाट्याला तासांची नोंद व प्रमाणपत्र आले. महाविद्यालयांतील खुल्या विद्यार्थी निवडणुका तर १९९० च्या दशकात बंद पडल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, पण त्या लांबणीवर पडत गेल्या. ज्याला अठराव्या वर्षी लोकसभेसाठी मत देता येते, त्याला आपल्या महाविद्यालयाच्या समितीवर स्वतःचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, ही विसंगती कोणाच्या सोयीची आहे?

ही पोकळी मग कोण भरून काढतो, ते प्रत्येक चौकातील फलकावर दिसते. तरुण मंडळाचा ‘आधारस्तंभ’ कोणी ठेकेदार असतो, अध्यक्ष वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि वर्गणीचा हिशेब विचारणारा मुलगा मंडळाबाहेर जातो. वस्तुतः नोंदणीकृत मंडळाला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली हिशेब सादर करावा लागतो. सभासदाला तो मागता येतो. हा हिशेब मोठ्याने वाचून दाखविण्याचा आग्रह धरणारे चार तरुण एखाद्या मंडळात निर्माण झाले, तर त्या वस्तीचे राजकारण बदलू लागते. द्वेषाच्या राजकारणाला मोफत मनुष्यबळ पुरविणारी फळी याच मंडळांतून उभी राहते, हे जाणणाऱ्याला तरी हे काम क्षुल्लक वाटू नये. भिवंडीत १९८४ ची भीषण दंगल झाली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या बांधल्या गेल्या, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शेजाऱ्यांनी नियमितपणे एकत्र बसणे यात केवढे सामर्थ्य आहे, याचा तो दाखला आहे.

आपण काय करावे?

काही साथी म्हणतील, या समित्या सरकारने निर्माण केलेल्या आहेत. त्यांत शिरलेला कार्यकर्ता व्यवस्थेत जिरून जातो. ही भीती निराधार नाही. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांत शिरलेल्या कित्येकांचे काय झाले ते महाराष्ट्राने पाहिले आहे. परंतु त्यावर उपाय खुर्ची रिकामी सोडणे हा नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला शिस्त लावणे हा आहे. ती शिस्त आपण स्वतःपासून सुरू करावी.

पहिली गोष्ट, प्रत्येक शाखेने आपल्या क्षेत्रातील समित्यांची, त्यांच्या सदस्यांची व मुदतीची यादी करावी, आणि पुढील पुनर्रचना केव्हा आहे हे टिपून ठेवावे. पालकसभेतून निवड व्हावयाची असेल तेथे पालकसभा खरोखर भरविणे हेच पहिले आंदोलन समजावे.

दुसरी गोष्ट, कोणत्याही कार्यकर्त्याने एकाच समितीचे अध्यक्षपद सलग दोन मुदतींहून अधिक भूषवू नये. जयप्रकाशजींच्या प्रेरणेने १९७५ च्या आरंभी निघालेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने तिशीची वयोमर्यादा घातली होती आणि ती पाळली. बोधगयेच्या भूमिसंघर्षात जमिनीचे पट्टे स्त्रियांच्या नावे व्हावेत हा आग्रह याच तरुण संघटनेने पुढे आणला. खुर्ची सोडण्याचा दिवस आधीच ठरलेला असला की माणूस आपला वारस तयार करण्यास लागतो.

तिसरी गोष्ट, समितीतील कार्यकर्त्याने दर तिमाहीस वस्तीवर उघड सभा घेऊन आलेला पैसा, झालेला खर्च आणि झालेले ठराव वाचून दाखवावेत. शाखेच्या बैठकीत या कामाचा अहवाल मोर्चाच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने ऐकला जावा.

चौथी गोष्ट, अध्यक्षपदासाठी प्रथम त्या स्त्रीचा विचार व्हावा जिची मुले त्या शाळेत शिकतात आणि जिचे घर हातावरच्या पोटावर चालते. तिचा बुडालेला रोज भरून काढण्यासाठी शाखेने छोटा निधी उभारावा. मोठ्या सभेच्या मंडपावर जो खर्च होतो त्याच्या अल्पांशात हे होऊ शकेल.

पाचवी आणि शेवटची गोष्ट, समितीचे पद निवडणुकीच्या तिकिटाची पायरी म्हणून वापरले जाणार नाही, असे बंधन आपण घालून घ्यावे. लोकांचा विश्वास मिळाला तर लोक स्वतः पुढे पाठवितील. तो भाग निराळा.

हे काम संथ आहे. त्याची बातमी होत नाही, त्याला हार-तुरे नाहीत. महिन्याच्या एका संध्याकाळी आठ-दहा माणसे कंदिलासारख्या मंद दिव्याखाली बसून पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब लावतात, यात क्रांतीचे तेज कोणाला दिसणार? तथापि तो तांदूळ ज्या मुलीच्या ताटात पडावयाचा आहे तिच्यासाठी समता या शब्दाचा अर्थ त्या वहीत लिहिलेला असतो. येत्या पुनर्रचनेत आपल्या गावच्या शाळेच्या समितीवर कोण बसणार, याचे उत्तर प्रत्येक शाखेने आजच शोधावयास घ्यावे.